आईचा कर्करोग आणि लेकरांचे मुके दुखणे

घरातल्या बाईला कर्करोग झाला असे कळले की वस्तीतली माणसे विचारपूस करायला येतात. ही आपली चांगली रीत आहे. कोणत्या दवाखान्यात दाखवले, डॉक्टर काय म्हणाले, केमो किती सांगितल्या, योजनेत बसते का, पैशाची काय सोय केली, असे सारे विचारले जाते. नवऱ्याला धीर दिला जातो, म्हाताऱ्या सासूची समजूत घातली जाते. पण दाराच्या चौकटीला धरून जे पोर उभे असते, त्याला कोणी काही विचारत नाही. फार तर निघताना एखादी बाई त्याच्या डोक्यावरून हात फिरवते आणि म्हणते, "शहाण्यासारखं वाग हां. आईला त्रास देऊ नको."

ते पोर मान हलवते. त्या एका वाक्यातून त्याला दोन गोष्टी कळतात. एक, आईला काहीतरी भयंकर झाले आहे आणि ते आपल्याला सांगायचे नाही असे मोठ्यांनी ठरवले आहे. दुसरी, आपल्या वागण्याने ते वाढू शकते. त्या दिवसापासून ते पोर शहाणे होते. हे शहाणपण त्याला किती महाग पडते, याचा हिशेब मात्र कोणी ठेवत नाही. आजचा हा लेख त्या हिशेबासाठी आहे.

हे मी नुसते पुस्तकात वाचून लिहीत नाही. मी ११ वर्षांचा असताना, १९७० साली, माझी आई गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाने गेली. वडील गिरणीत साच्यावर होते. आम्ही तीन भावंडे, चाळीतली एक खोली. कर्करोग हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारला नाही. 'पोटाचं दुखणं' एवढेच म्हणत. आई शेक घ्यायला दवाखान्यात जायची आणि आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मला वाटायचे, ती माझ्यावर रागावली आहे. कारण त्याच्या थोडे दिवस आधी मी तिच्या डब्यातले चार आणे चोरून बर्फाचा गोळा खाल्ला होता. तिला ते कळले असणार आणि म्हणूनच ती माझ्याकडे पाठ करून झोपते, अशी माझी खात्री झाली होती.

मे महिन्यात आम्हा तिघांना सुट्टीला म्हणून मामाच्या गावी पाठवले. शाळा सुरू झाली तरी न्यायला कोणी येईना. मध्येच मामा चार दिवस मुंबईला जाऊन आला. आल्यावर आमच्याशी फारसे बोलला नाही. आजी रात्री रडायची. विचारले तर म्हणायची, डोळ्यांत चुलीचा धूर गेला. जूनच्या अखेरीस वडील आले ते एकटेच आले. आईला जाऊन १९ दिवस झाले होते. जलदानविधीसुद्धा उरकला होता. आम्ही तिचे तोंड पाहिले नाही.

मोठ्यांचा हेतू वाईट नव्हता. लेकरांच्या मनावर परिणाम होऊ नये म्हणून त्यांनी तसे केले. परिणाम व्हायचा तो झालाच. पुढे कित्येक वर्षे कोणी 'दोन दिवस गावाला जाऊन ये' असे म्हटले की माझ्या पोटात गोळा यायचा. आपण घराबाहेर पडलो की मागे कोणीतरी मरते, हे मनाने धरून ठेवले होते. आणि त्या चार आण्यांची गोष्ट मी पहिल्यांदा बायकोला सांगितली तेव्हा माझी चाळिशी उलटली होती.

कोणी म्हणेल, मास्तर, ही जुनी गोष्ट झाली. आकडे तसे म्हणत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात जगात सुमारे ४४ लाख स्त्रिया कर्करोगाने दगावल्या आणि त्यांच्यामागे दहा लाखांहून अधिक मुले आईविना झाली. त्यांतली जवळपास निम्मी आशिया खंडातली. पाव हिस्सा मुलांच्या आया स्तनाच्या कर्करोगाने गेल्या आणि पाचवा हिस्सा मुलांच्या आया गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने. आपल्या देशातल्या स्त्रियांमध्ये हेच दोन कर्करोग सर्वांत जास्त आढळतात. २०२२ च्या अंदाजानुसार भारतात एका वर्षात १ लाख ९० हजारांहून अधिक स्त्रियांना स्तनाचा आणि सुमारे सव्वा लाख स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला. यांतल्या कितीतरी जणींचे वय घरात शाळेत जाणारी लेकरे असण्याचे असते. शिवाय वरचा आकडा फक्त आई गमावलेल्या मुलांचा आहे. जिची आई दोन-दोन, चार-चार वर्षे उपचार घेत जगते, बरी होते, पुन्हा आजारी पडते, अशा घरांतली मुले त्यात धरलेलीच नाहीत.

ही मुले मनातून कशी दुखावतात, हे वयाप्रमाणे बदलते. तीन-चार वर्षांच्या पोराला मरण समजत नाही, पण आई जवळ नसणे समजते. ते पुन्हा अंथरूण ओले करू लागते, पदर सोडत नाही, दवाखान्यातून आलेल्या आईला ओळख दाखवत नाही. सहा ते दहा वर्षांच्या मुलाचे डोके वेगळे चालते. जे घडले त्याला कारण हवे असते आणि ते कारण त्याला स्वतःमध्ये सापडते. मी खोटे बोललो, मी हट्ट केला, मी रागाने 'तू मर' म्हणालो, म्हणून आई आजारी पडली. माझे चार आणे याच वयातले. या वयाची मुले सांगत काही नाहीत, त्यांचे पोट दुखते, डोके दुखते, शाळेत जाताना उलटी होते. आपण त्याला शाळा चुकवण्याची नाटके समजतो.

अकरा-बारा वर्षांपुढची मुले चिडकी होतात, घरी थांबत नाहीत. केस गेलेल्या आईसोबत रस्त्याने चालायची त्यांना लाज वाटते आणि त्या लाजेची पुन्हा लाज वाटते. मोठ्या मुलीचे हाल सर्वांत जास्त. आई अंथरुणाला खिळली की दुसऱ्या दिवसापासून ती घरातली छोटी आई होते. पाणी भरणे, भाकऱ्या थापणे, धाकट्याची वेणीफणी, आजीच्या गोळ्या. सगळे तिचे कौतुक करतात, 'पोरगी किती जबाबदार आहे' म्हणतात. ती कौतुकाखाली दबून जाते. आणि मनात एक प्रश्न असतो, जो ती कोणालाच विचारू शकत नाही : हे मलाही होईल का? मुलगा असला तर त्याने रडायचे नसते. तो कॉलेज सोडून कामाला लागतो आणि आपण म्हणतो, पोरगा कर्ता झाला.

बाहेरच्या देशांत या विषयावर बराच अभ्यास झाला आहे. त्यातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली. आजाराबद्दल ज्या मुलांना त्यांच्या वयाला समजेल अशा भाषेत सांगितले जाते, ज्यांना प्रश्न विचारता येतात, ती मुले त्यामानाने कमी भेदरतात. ज्यांच्यापासून लपवले जाते ती मुले जास्त भेदरतात. कारण लपवले तरी त्यांना कळतेच. फक्त अर्धवट कळते, आणि उरलेले अर्धे ती मनाने भरून काढतात. मनाने भरलेले नेहमी खऱ्यापेक्षा भयंकर असते.

आता माझ्या हातून घडलेल्या एका चुकीबद्दल लिहितो. मी शाळामास्तर होतो. निवृत्त होण्याच्या काही वर्षे आधी माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगी होती. पहिल्याच तासाला बाकावर डोके टेकून झोपायची. गृहपाठ नाही, वही अर्धवट. एक दिवस मी तिला उभे केले आणि सगळ्या वर्गासमोर विचारले, "काय गं, रात्री किती वाजेपर्यंत टीव्ही बघतेस?" वर्ग हसला. तीही हसली. तिच्या त्या हसण्यावरून मी समजलो की पोरगी निर्ढावलेली आहे.

तीन-चार दिवसांनी तिची मैत्रीण शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. "सर, तिची आई केमोवर आहे. आईला रात्रभर उलट्या होतात. ती बादली धरून बसते."

वाचकहो, ज्याची स्वतःची आई या रोगाने गेली त्या मास्तरालाही हे ओळखता आले नाही. मग इतरांना काय दोष द्यायचा?

मी त्या मुलीला बोलावले. आधी तिची माफी मागितली. मग विचारले, "घरात तुला कोणी सांगितलं?" ती म्हणाली, "कोणीच नाही सर. पप्पा म्हणतात आईला कावीळ झालीय. मी कपाटातली फाईल वाचली. धाकट्याला मीपण कावीळच सांगते." म्हणजे बाप मुलीपासून लपवत होता, मुलगी बापापासून आणि भावापासून लपवत होती, आणि आईला वाटत होते की मुलांना काही ठाऊक नाही. एका खोलीत चार माणसे एकमेकांपासून एकच गोष्ट लपवून राहत होती. प्रत्येकजण दुसऱ्याला जपत होता आणि प्रत्येकजण एकटा पडला होता.

मी संध्याकाळी तिच्या वडिलांना भेटलो. ते म्हणाले, "सर, तिला सांगून काय करू? लहान आहे, परीक्षा आहे." मी म्हणालो, "दादा, तिनं फाईल वाचलीय." ते जे खाली बसले ते बराच वेळ उठले नाहीत.

पुढे मुलांना त्या बाईंनी स्वतः सांगितले. त्या चार घरची धुणीभांडी करत, शिक्षण चौथीपर्यंत. पण त्यांनी जे केले ते भल्याभल्या शिकलेल्यांना जमत नाही. जेवणे झाल्यावर दोन्ही पोरांना जवळ बसवले आणि म्हणाल्या, "मला कॅन्सर झालाय. छातीत गाठ होती, ती काढली. आता औषध चालू आहे. त्यानं केस जातात, उलट्या होतात, चिडचिड होते. मी तुमच्यावर ओरडले तर ते औषधामुळं, तुमच्यामुळं नाही. हे कुणाच्या चुकीनं होत नाही आणि शिवल्यानं होत नाही. मी बरी होईन का, ते डॉक्टरांनाही आत्ता सांगता येत नाही. पण जे होईल ते मी तुम्हाला सांगेन. लपवणार नाही."

आठ वर्षांच्या धाकट्याने विचारले, "मग माझा वाढदिवस होणार का?" लहान मुले अशीच विचारतात. त्यात त्यांचे प्रेम कमी असते असे नाही. त्यांना एवढेच कळायला हवे असते की आपले रोजचे जग उद्याही राहणार आहे की नाही. आई म्हणाली, "होणार. केक लहान आणू."

त्या दिवसापासून ती मुलगी एकदम आनंदी झाली, असे खोटे मी सांगणार नाही. दोन दिवस ती खूप रडली. पण आता ती कोणाच्या तरी जवळ बसून रडली, हा फरक होता. रात्रीची बादली तिच्या हातातून सुटली. एक रात्र मावशी येऊन झोपू लागली, एक रात्र शेजारची आजी. वर्गातले झोपणे कमी झाले. त्या बाई पुढे चार वर्षे जगल्या. अखेरच्या दिवसांत मुलगी त्यांच्या उशाशी होती. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेलो तेव्हा ती मला म्हणाली, "सर, आईनं मला सगळं सांगितलं होतं. माझं काही विचारायचं राहिलं नाही."

माझे राहिले. म्हणून हे लिहितो आहे.

'शिवल्यानं होत नाही' हे त्या बाईंचे शब्द आपण जरा थांबून ऐकले पाहिजेत. कर्करोग झालेल्या बाईचे ताट-वाटी वेगळे ठेवणारी घरे मी आपल्याच वस्तीत पाहिली आहेत. मुलांना तिच्याजवळ झोपू देत नाहीत, तिचा उष्टा घास देत नाहीत. ज्या समाजाने पिढ्यान्पिढ्या विटाळ भोगला, त्याच्या घरात आईचे भांडे वेगळे व्हावे? तिचे लेकरू ते रोज पाहत असते. आपली आई शिवण्याजोगी राहिली नाही, हा धडा त्याला घरात मिळतो. केमो चालू असताना औषध अंगाबाहेर पडते म्हणून उलटी किंवा लघवी साफ करताना हातमोजे घालावेत, आईच्या अंगातली ताकद कमी झालेली असते म्हणून सर्दीखोकला झालेल्या पोराला दोन दिवस लांब ठेवावे, हे डॉक्टर सांगतात आणि ते पाळावे. पण कर्करोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे हात लावल्याने, जवळ झोपल्याने, एका ताटात जेवल्याने जात नाही. आईच्या कुशीत शिरायला लेकराला कोणाची परवानगी लागू नये.

दुसरी गोष्ट करणीची, बाहेरच्या बाधेची आणि मागच्या जन्मीच्या पापाची. घरात बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी असतात आणि दुखणे मोठे झाले की कोणीतरी देवऋषी सुचवतो. कोणी म्हणते, ही पोरगी जन्मली तेव्हापासून आईच्या पाठीमागे दुखणे लागले. असे बोलणाऱ्याला आपण त्या मुलीचे किती मोठे नुकसान करतो आहोत याची जाणीवही नसते. आधीच अपराधाच्या भावनेने पिचलेल्या मनावर तो शिक्का बसतो आणि आयुष्यभर पुसत नाही. दुःखाला कारण असते आणि ते कारण शोधता येते, ही तथागतांची शिकवण. मागच्या जन्मीच्या कर्माचा सिद्धांत बाबासाहेबांनी साफ नाकारला. गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतांशी एका विषाणूमुळे होतो, मिश्री आणि तंबाखूमुळे तोंडाचा होतो. लेकराच्या पायगुणाने कोणताच होत नाही. हे मुलाला स्पष्ट शब्दांत सांगणे हेही धम्माचरणच आहे.

आईविना पोरांची आबाळ आपल्याला नवी नाही. बाबासाहेबांची आई भीमाबाई गेली तेव्हा ते अवघे पाच वर्षांचे होते. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आत्मकथनात १९०१ सालचा मसूर स्टेशनचा आणि बैलगाडीचा प्रसंग आहे, तो आपण सर्वांनी वाचलेला असतो. पण त्याच्या आधी आलेल्या चार ओळींकडे आपले लक्ष जात नाही. वडील नोकरीमुळे दूर, साताऱ्याच्या घरी चार शाळकरी मुले आणि त्यांची आत्या. आत्या अतिशय मायाळू, पण पायांच्या व्यंगामुळे तिला कोणाच्या आधाराशिवाय हालचाल करता येत नसे. मुलेच मिळून स्वयंपाक करायची. भाकरी-पोळी करणे जमेना म्हणून पुलाव करून खायची, कारण त्याला तांदूळ आणि मटण एकत्र शिजवले की झाले. देशाला घटना देणाऱ्या माणसाचे नव्हे, आई गेलेल्या एका लहान मुलाचे हे घर आहे. अशी घरे आजही आपल्या गल्लीत आहेत.

आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी महामायेचा शेवट कसा रंगवला आहे ते पाहा. आपला अंत जवळ आला हे तिला कळते तेव्हा ती गप्प राहत नाही. शुद्धोदन आणि प्रजापती यांना जवळ बोलावते, आपण जगणार नाही हे बोलून दाखवते आणि सात दिवसांच्या सिद्धार्थाला बहिणीच्या हाती सोपवते. महाप्रजापती ही सिद्धार्थाची मावशी. म्हणजे आपल्या परंपरेत आईचे मरण लपवलेले नाही. ते बोललेले आहे, आणि लेकराची जबाबदारी नाव घेऊन कोणावर तरी टाकलेली आहे. प्रत्येक आजारी आईला अशी एक मावशी मिळवून देणे, हे काम आज कोणाचे?

माझ्या मते ते तीन ठिकाणचे आहे : घराचे, शाळेचे आणि वस्तीचे.

घराने सांगावे. आजाराचे नाव घेऊन सांगावे, कारण नाव घेतले नाही की ते पोर दुसऱ्याच्या तोंडून ऐकते. एकदम सगळे सांगायची गरज नाही, जेवढे विचारील तेवढे खरे सांगावे. 'तुझ्यामुळे झाले नाही' हे एकदा नव्हे, दहादा सांगावे. 'आई नक्की बरी होईल' असा शब्द देऊ नये. उद्या तो खोटा ठरला तर मूल पुन्हा कोणावरच विश्वास ठेवत नाही. 'डॉक्टर प्रयत्न करत आहेत, आणि काहीही झाले तरी तुला आम्ही आहोत' एवढे खरे असते, तेवढे सांगावे. उद्या डबा कोण करणार, शाळेत कोण सोडणार, हे आदल्या रात्री सांगावे. जमेल तेव्हा एकदा दवाखाना दाखवून आणावा. न पाहिलेल्या दवाखान्याची भीती पाहिलेल्यापेक्षा जास्त असते.

परगावाहून मुंबईला उपचाराला येणाऱ्या आयांची गोष्ट आणखी अवघड. परळच्या टाटा रुग्णालयाच्या आसपास फुटपाथवर, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत त्या महिनोन्महिने काढतात आणि लेकरे गावाकडे आजीजवळ असतात. आता घरोघरी मोबाइल आहे. रोज ठरलेल्या वेळी पाच मिनिटे आईचा आवाज, जमले तर चेहरा, त्या मुलाला मिळाला पाहिजे. केस गेले म्हणून आई चेहरा दाखवत नाही. पण मुलाला केसांशी देणेघेणे नसते, आई आहे एवढे त्याला पाहायचे असते.

शाळेने ओळखावे. एकाएकी मागे पडलेले, झोपणारे, मारामारी करणारे किंवा एकाएकी फार गुणी झालेले मूल दिसले तर शिक्षा करण्याआधी त्याच्या घरी जाऊन यावे. मी हे उशिरा शिकलो. ज्यांच्या हाती अजून वर्ग आहे त्यांनी लवकर शिकावे. मूल फार दिवस जेवत-झोपत नसेल किंवा मरणाच्या गोष्टी बोलू लागले तर वाट न पाहता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सरकारची 'टेली मानस' ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे, तिचा क्रमांक १४४१६.

वस्तीने वाटून घ्यावे. आपल्या विहारात दर आठवड्याला वंदना होते, महिला मंडळ आहे, वर्षावासात ग्रंथवाचन होते, जयंतीला लाखांची वर्गणी जमते. त्या मंडळाने एवढेच करावे : ज्या घरात आई कर्करोगाने आजारी आहे त्या घरातल्या मुलांसाठी दोन बाया नेमाव्यात. सोमवारी एकीने डबा द्यावा, गुरुवारी दुसरीने. संध्याकाळी अभ्यासिकेत त्या मुलाची जागा राखून ठेवावी. परीक्षेच्या आदल्या रात्री मोठ्या मुलीला आपल्या घरी झोपायला न्यावे. याला पैसा लागत नाही. आणि वस्तीतल्या आयांना तपासणीला नेण्याचे कामही याच मंडळाने करावे. 'पोराची दहावी होऊ दे, मग दाखवीन' म्हणत आपली बाई छातीतली गाठ सहा-सहा महिने अंगावर काढते. पुढे त्या पोराला ते कळते आणि पास झालेली दहावी त्याला आयुष्यभर बोचते. लेकरांसाठी दुखणे लपवणे ही माया नाही. लेकरांसाठी वेळेवर डॉक्टरकडे जाणे ही माया आहे.

सरकारकडे मागायचे तेही मागितले पाहिजे. महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाच्या जन आरोग्य योजनेतून उपचाराचा खर्च मिळतो. बालसंगोपन योजना सावित्रीबाईंच्या नावाने आहे. आईवडिलांपैकी एक गेलेल्या किंवा पालक दुर्धर आजाराने ग्रासलेल्या मुलांना तिचा लाभ मिळू शकतो आणि २०२३ मध्ये तिची मदत दरमहा ११०० वरून २२५० रुपये करण्यात आली. किती घरांना हे माहीत आहे? जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात अर्ज भरून देण्याचे काम आपले कार्यकर्ते सहज करू शकतात. आणि ज्या ज्या सरकारी रुग्णालयात कर्करोगाचे उपचार होतात तिथे रुग्णाच्या मुलांशी बोलणारा एक समुपदेशक असलाच पाहिजे, ही मागणी चळवळीने लावून धरली पाहिजे. आपण अनेक मोर्चे काढले. लेकरांच्या मनासाठी एक निवेदन तरी देऊ.

ते होईल तेव्हा होईल. पण एक गोष्ट उद्याच करता येईल. अशा घरात विचारपूस करायला जाल तेव्हा चौकटीला धरून उभ्या असलेल्या पोराजवळ खाली बसा. 'आईला त्रास देऊ नको' असे त्याला सांगू नका. त्याला विचारा, "तू कसा आहेस बाळा? तुला काय काय माहीत आहे?" आणि मग गप्प बसून ऐका. त्याच्याजवळही कुठले तरी चार आणे असतील. ते त्याला आजच सांगून टाकू द्या. चाळीस वर्षे सांभाळायला लावू नका.